कानामागचा व्रण

बेकरीतल्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि तिथे मोकळे केस चालत नव्हते. धाकटीने कंगव्याच्या भानगडीत न पडता ओल्या बोटांनीच आपले कुरळे केस वर गोळा केले, एकदा पिळले आणि तीन पिना खोचल्या. दोन मिनिटांत काम झालं. ती खुशीत स्वयंपाकघरात गेली आणि आईकडे पाठ करून म्हणाली, "बघ, कसं दिसतंय?"

धाकटीने वळून पाहिलं, तर आईचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"कानामागे... व्रण दिसतोय."

"पाळण्यातून पडले तेव्हाचा ना?" ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आजीला डुलकी लागली आणि बाळ पडलं.

"तू पाळण्यात नव्हतीसच," आई खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्या हातून निसटलीस. मी घाबरले. तुला पाळण्याखाली ठेवलं आणि शेजारीच डुलकी लागलेल्या आजीला हाक मारली."

धाकटी स्टुलावर बसली. त्यानंतर आजीने एकाही नातवंडाला मांडीवर घेतलं नव्हतं. "माझा भरवसा नाही गं," म्हणायची आणि लांबूनच बाळं बघायची.

"बाबांना माहितेय?"

"कुणालाच नाही."

पलीकडच्या खोलीत आजी खोकली. जागी झाली होती.

"आत्ता जा, सांग तिला," धाकटी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "मी इथे थांबते."

आईने हात पुसले. दारापाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि मग आत गेली.