एकोणतीस हजारांवर थांबा

त्या खोलीत सगळे तिला ताई म्हणत, अगदी साहेबसुद्धा. आकाशातली विमानं एकमेकांपासून लांब ठेवायची, वर-खाली असली तर मध्ये किमान हजार फूट राखायचे, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. आजचा तिचा सलग नववा दिवस होता. दोघं आजारी, एकाची बदली, मग उरलेल्यांनी ओढा गाडा! किती दिवस ओढायचा, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, पण बिनखिडकीच्या खोलीत दुपार काय नि पहाट काय. डोळे इतके जड झाले होते की पडद्यावरचे आकडे तिला दोनदा वाचावे लागत होते.

पडद्यावर दोन विमानं होती. एक तीस हजार फुटांवरून सरळ चाललेलं. दुसरं खालून चढणारं, आणि त्याला पस्तीस हजारांपर्यंत चढायला तिनेच सांगितलं होतं. पुढे दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत होत्या. म्हणजे चढणाऱ्याला एकोणतीस हजारांवर थांबवायचं, वरचं निघून गेलं की परत सोडायचं. तिच्यासाठी डाव्या हातचा मळ.

आता या कामाची एक शिस्त असते. आधी वैमानिकाला सांगायचं, त्याने तेच परत म्हणून दाखवायचं, आणि मगच आकडा पडद्यावर भरायचा. ताईने आधी आकडा भरला. तेवढ्यात शेजारच्या विभागाचा फोन वाजला. तो ठेवेपर्यंत तिच्या मनाने पक्कं धरलं होतं की वैमानिकाला सांगून झालंय. दमलेलं मन असंच लबाड असतं, न केलेलं काम झालं म्हणून मोकळं होतं.

इतक्यात तिच्या जागी बसायला मास्तर आले. तिला हे काम त्यांनीच शिकवलेलं, म्हणून ते मास्तर.

"ऊठ आता. चेहरा बघ जरा आरशात, काय अवतार झालाय."

तिने एकेक विमान दाखवून दिलं. "हे एकोणतीसवर थांबतंय. वरचं गेलं की सोडा."

"बरं. जा."

"पाच मिनिटं मागे उभी राहते ना, नियम आहे."

"नियम मला शिकवतेस? उभ्या उभ्या झोपशील. पळ."

बेसिनपाशी तिने तोंडावर गार पाणी मारलं. फोनवर आपण काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. फोनच्या आधी काय बोललो? ती आठवू लागली. एकोणतीस म्हणून परत सांगणारा वैमानिकाचा आवाज काही केल्या आठवेना. आठवणार कुठून, तो आलाच नव्हता. मास्तरांना पडद्यावर एकोणतीस दिसतंय, वैमानिकाच्या डोक्यात पस्तीस आहे, आणि दोन्ही विमानांत मिळून तीनशेच्या वर माणसं बसली आहेत. विमानं जवळ आली की यंत्र ओरडेल म्हणावं, तर यंत्रालाही तिनेच एकोणतीस सांगून ठेवलं होतं.

नळ तसाच सोडून ती धावली. दाराच्या आकडी कुलपाचा क्रमांक पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा लागला.

"मास्तर, ते थांबणार नाही. मी सांगितलंच नाही त्याला."

मास्तरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पडद्यावर अठ्ठावीस हजार दोनशे होते. "एकोणतीस हजारांवर थांबा," ते इतक्या शांतपणे बोलले, जणू बाजारातून मीठ आणायला सांगत होते. वैमानिकाने ते परत म्हटलं. अठ्ठावीस सहाशे. अठ्ठावीस नऊशे. एकोणतीस. तिथे आकडा थांबला, आणि वरचं विमान त्याच्या डोक्यावरून निघून गेलं. मधे बरोबर हजार फूट.

ताई खाली जमिनीवरच बसली.

"झालं ना नीट?" मास्तर हळूच म्हणाले. "कुणाला काही कळायचं कारण नाही. जा, चहा घे."

खोटं कशाला बोला, तिला अगदी तेच हवं होतं. चहा घ्यावा, गप्प बसावं. पण उद्या दहावा दिवस होता आणि खुर्ची हीच. तिला स्वतःचीच भीती वाटली. ती उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. जे झालं ते तिने जसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी हातातलं पेन मिटवलं. "शेवटची सुट्टी कधी घेतलीस, ताई?"

"ड्यूटीचा तक्ता तुम्हीच लावता, साहेब."

चौकशी होईपर्यंत हेडफोन लावायचा नाही, असा नियमच होता. त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. "पंधरा दिवस घरी राहा."

पंधरा दिवस. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने दोन दिवस मागितले होते, तीनदा अर्ज करून. तीनही वेळा 'माणसं नाहीत' असा शेरा आला होता. तिने सही केली.

बाहेर ऊन होतं. बसच्या थांब्यावर बसून तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"आईला सांग, उद्या मी येतेय. ऑपरेशनला मीच थांबेन."

"अगं, खरंच? पण ते तर तुला सोडत नव्हते ना? कशी काय मिळाली रजा?"

ताईला आधी हसूच आलं. मग रडू आलं, आणि थांब्यावरची माणसं बघायला लागली तरी ते आवरेना.

"चुकले म्हणून मिळाली," ती म्हणाली.