खांडेनवमीची रायफल

पंजाबरावांनी स्टील प्लँटच्या ट्रेनिंग शाळेत तीस वर्षं मुलांना फिटरचं काम शिकवलं. प्रत्येक बॅचला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. मशीन बिघडली की आधी विचारायचं, शेवटचा हात कोणाचा लागला? आणि जो म्हणेल 'काहीच नाही केलं', त्याच्यापासूनच शोध सुरू करायचा.

प्लँटजवळच्या रिसालीतल्या त्यांच्या घरी वडिलांची, लहानूजींची, एक रायफल होती. भंडाऱ्याकडच्या धानात रानडुकरं शिरत, म्हणून घेतलेली. घोड्याखाली कडीसारखा लिव्हर. तो खाली ओढून परत वर घेतला की गोळ्या भरायच्या नळीतली पुढची गोळी लिफ्टर नावाच्या पाळण्यात येते आणि वर चढते. दोन वर्षांपासून ती अर्ध्यातच अडकत होती. आता लायसन्स मुलीच्या, ममताच्या, नावावर करायचं होतं आणि त्यासाठी शुक्रवारपर्यंत दुरुस्तीवाल्याचा दाखला हवा होता, की हत्यार नीट चालतं. नाही मिळाला तर लहानूजींची रायफल ठाण्यात जमा होणार होती.

पंजाबरावांनी महिनाभर खटपट केली. स्प्रिंग बदलली. नळी घासली. बारूद नसलेली डमी काडतुसं कॅलिपरनं मोजली. लिव्हर अर्धवट तर ओढला जात नाही ना, हे बघायला बायकोला, कांताबाईंना, समोर बसवून तो ओढून दाखवला.

"शंभरदा झालं," कांताबाई म्हणाल्या. "आता मी कुकर लावू का?"

शेवटी गुरुवारी ते पावर हाउस नावाच्या बाजारपेठेत गेले. तिथे बंदुका दुरुस्त करणारी वंदना त्यांचीच विद्यार्थिनी. एकच लोखंडी तुकडा त्यांनी तिच्याकडून चारदा घासून घेतला होता, आणि ती तो विसरली नव्हती.

"या सर. काय होऊन राहिलं हिले?"

"गोळी अर्धी निघते अन् थांबते." मग त्यांनी केलेली सगळी कामं क्रमानं सांगितली. वंदनानं मान हलवत ऐकली.

"अन् शेवटचा हात कोणाचा लागला?"

आपलंच वाक्य आपल्यासमोर आलेलं बघून पंजाबराव जरा सुखावले. "माझाच. पण मी काहीच नाही केलं तिले. दसऱ्याच्या आधी खांडेनवमीची पूजा केली, बस."

वंदनानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "मंग इथूनच सुरू करते."

तिनं दोन डमी भरल्या, लिव्हर अगदी हळू ओढला आणि टॉर्चनं आत पाहिलं. "लिफ्टर पुरता खाली बसून नाही राहिला, सर. म्हणून नळीचं अन् त्याचं तोंड जुळत नाही."

"तो तर लोखंडाचा ठोकळा. त्यात बिघडायले काय आहे?"

"त्याच्यात नसन. त्याच्याखाली असन."

लिफ्टर काढला. खाली तेल, हळद आणि कुंकू मिळून लाखेसारखा थर झाला होता आणि त्यात तांदूळ रुतले होते. वंदनानं टाचणीनं एकेक दाणा काढून कागदावर ठेवला. ती हसली नाही, आणि पंजाबरावांना तेच जड गेलं.

"अक्षता टाकतानी लिव्हर उघडा ठेवता?"

"पूजा आतपर्यंत पोचावी म्हणून."

"अन् अडकू लागली तवापासून?"

"जास्त टाकल्या," पंजाबराव म्हणाले. "म्हटलं, देवीचं काही राहून गेलं असन."

जागा पुसून लिफ्टर बसवला. या वेळी पाच डमी भरल्या; पाचही एकामागून एक चढल्या आणि बाहेर पडल्या. वंदनानं दाखल्याचा कागद ओढला. त्यात बिघाडाचं कारण लिहायला एक ओळ होती.

"'बाहेरचा पदार्थ' लिहून देऊ का, सर?"

पंजाबरावांना ते फार आवडलं असतं. पण असल्या मोघम उत्तरांवर त्यांनी तीस वर्षं लाल रेघ मारली होती.

"असं लिहिलं असतं तर मी तुझे मार्क कापले असते."

"कापलेच होते."

"तर मंग तांदूळ लिही. अन् मालकानं टाकले, तेही लिही."

तिनं लिहिलं, शिक्का मारला आणि दाण्यांची पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. "घ्या. प्रसाद."

रायफल घरीच राहणार होती. परतताना ऑटोत पंजाबरावांनी दाखला दोनदा वाचला, घडी केली आणि पुडीच्या वर खिशात ठेवला. सरकारात जाणाऱ्या कागदावर खरं लिहून दिलं होतं. आता बाकी जगाला सांगत बसायची काय गरज?

कांताबाई दारातच उभ्या होत्या. "मिळाला दाखला?"

"मिळाला."

"मंग काय निघालं तिच्यात?"

"काहीच नाही." पंजाबरावांनी खिशावर हात ठेवला.

कांताबाईंनी तीस वर्षं प्लँटच्या गोष्टी जेवणासोबत ऐकल्या होत्या. त्यांनी तळहात पुढे केला.

"खिशात काय आहे ते दाखवा."