दाढीच्या डब्यातली स्ट्रिप

मी गोळ्यांची एक जुनी, अर्धवट फोडलेली स्ट्रिप आहे. मित्रांनो, माझा जन्म फिट थांबवण्यासाठी झाला आणि त्याचा मला भारी अभिमान होता. पण डॉक्टरांनी मला एका क्रेनवाल्याला दिले, तेही अवघड जागेच्या दुखण्यासाठी.

"याला शीघ्रपतन म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "फिटच्या या गोळीचा काहींना त्यात उपयोग होतो. करून बघू. झोप येईल हं. काम काय करता?"

"दुकानात बसतो," तो पुटपुटला. क्रेनचे नाव काढले तर गोळी मिळणार नाही, अशी त्याला भीती वाटली.

त्याने मला दाढीच्या डब्यात दडवले. तिथेच मी त्याच्या बायकोला सापडले. तिच्या बहिणीने मोबाइलवर माझे नाव शोधले आणि ती किंचाळली, "ताई, या तर फिटच्या गोळ्या!"

बायकोने मला हिसकावून घेतले. नवरा तेव्हा उंच क्रेनवर होता. मला मुठीत आवळून ती पळत सुटली.

तिथे बांधकामावर लोखंडी तुळई माणसांच्या डोक्यावर लोंबत होती. वर त्याचे डोळे माझ्यामुळेच जड झाले असतील, या विचाराने मी थिजले. "त्यांना खाली उतरवा! फिटच्या गोळ्या घेतात ते!" ती ओरडली. तुळई हेलकावे खात, थांबत, एकदाची जमिनीला टेकली. तो उतरला.

मुकादमाने मला तिच्याकडून घेऊन त्याच्यापुढे धरले. "खरं सांग, फिट येते तुला?"

भोवती सगळे कामगार जमले होते. खरे बोलावे तर जन्मभर टिंगल होणार होती.

"हो, येते," तो म्हणाला.

त्याच दिवशी त्याची क्रेन गेली.

घरी बायकोने पलंगाच्या कोपऱ्यांना उशा बांधल्या, न्हाणीघराची कडी काढून टाकली. त्या उशा पाहून त्याला राहवेना. मान खाली घालून त्याने तिला सगळे सांगितले.

ती म्हणाली, "अहो, चारचौघांत खोटी फिट सांगता आली, आणि माझ्याजवळ खरं बोलता आलं नाही?"

मित्रांनो, मला घेताना डॉक्टरांपासून आपले काम लपवू नका. आणि ज्या माणसासाठी मला घेता, निदान त्याच्यापासून तरी मला दडवू नका.