इथामारचा अर्ज

इथामार पार्कहर्स्टने अर्जाच्या पहिल्याच ओळीवर बोट टेकवलं आणि कागद परत सरकवला.

"‘दयेची याचना करतो’ हे खोडा."

समोर बसलेले एल्डन रूज गावचे न्यायाधीश, पंथाने मेथडिस्ट. इथामार मॉर्मन, बाकीचे ख्रिस्ती ज्याला पाखंड मानत त्या नव्या पंथाचा. मिसूरीच्या गव्हर्नरने हुकूम काढून सगळ्या मॉर्मनांना राज्याबाहेर हाकललं, तेव्हा ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा मुलीच्या खांद्याचा आधार घेत बर्फातून चालत मिसिसिपी नदीच्या या काठावर, इलिनॉयमध्ये आला होता. वाटेत तिचं तान्हं बाळ गेलं.

"आजोबा, राष्ट्राध्यक्षांना असंच लिहायची रीत आहे," रूज म्हणाले.

"अठराव्या वर्षी मी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंदूक उचलली. दयाच मागायची, तर राजा काय वाईट होता? राज्यघटना राखीन अशी यांनी शपथ घेतली आहे. ज्याने त्याने आपल्या रीतीने देव भजावा, हे त्याच घटनेत आहे. एक राज्य ते पायदळी तुडवतंय. त्याला आवरणं यांचं काम. तेवढं करा, असं लिहा."

रूज गालात हसले. पण लिहिलं त्याने सांगितलं तसंच.

मॉर्मन समाजाच्या माणसांनी अर्ज वॉशिंग्टनला पोचवला. राष्ट्राध्यक्षांचं उत्तर आलं ते हिवाळा सरल्यावर. तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण हा त्या राज्याचा मामला, आम्हाला त्यात पडता येत नाही. मुलीने, केझायाने, ते वडिलांना वाचून दाखवलं. दुकानापाशी बसणाऱ्यांनी मग त्याला हटकलं, "काय म्हातारबा, राजाच बरा होता ना?"

इथामारने सरळ घर गाठलं. चांगला कोट चढवला, केझायाला बरोबर घेतलं आणि रूज यांच्या कचेरीत जाऊन कोरा कागद मागितला.

"काय लिहू?"

"तेच. अक्षर जरा मोठं काढा. मागच्या वेळी त्यांना वाचता आलं नसेल."

रूज लिहू लागले. ऑगस्टमध्ये त्यांच्या न्यायाधीशपदाची निवडणूक होती. मॉर्मनांची कड घेणाऱ्याला या गावात मत पडणार नाही, असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. इथामारने एकेक अक्षर घोटत सही केली आणि ताठ मानेने उभा राहिला. केझायाने त्याचा कोपर धरला.

"थांबा," रूज म्हणाले.

त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला, म्हाताऱ्याच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. क्षणभर विचार केला आणि नावापुढे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, लिहिलं: मेथडिस्ट.