सेंगोनच्या उतारावरचा एक्स्प्रेस ताईत

"बोलला! ऐकलंत? बोलला!"

एम्बाह दिरजोंनी कोबीने भरलेल्या व्हॅनच्या चाकावर फुलांचं पाणी शिंपडलं. चाकातून चर्रर्र आवाज आला आणि वळणावरची सगळी गर्दी एक पाऊल मागे सरली. एम्बाह म्हणजे आजोबा. पण हे दिरजो अख्ख्या डोंगराचे आजोबा होऊन बसले होते. सेंगोनच्या वळणावरच्या वडात म्हणे एक केसाळ भूत राहतं आणि उतरून आलेल्या गाड्यांचे ब्रेक चाटणं हा त्याचा आवडता उद्योग.

"चाटून चाटून सगळा दम शोषतो तो," एम्बाह सांगत. "मग पाय ठेवला की पेडल थेट पाताळात!"

मग मंत्र व्हायचे, उदबत्ती लागायची. ती विझेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. नंतर पुन्हा पाणी शिंपडायचं. या वेळी चाक गप्प. "निजला!" असं एम्बाह जाहीर करायचे, ड्रायव्हर पेडल दाबून बघायचा, तर ते घट्ट! लोक एम्बाहांचा हात कपाळाला लावायचे. वर आज्ञा अशी, की पुढचा उतार पहिल्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलाने उतरायचा, नाहीतर भुताची झोपमोड होते.

मी शाळेत गणित शिकवतो. भुतावर माझा काडीचा विश्वास नाही, पण पेडल खरोखर वर यायचं आणि त्याचं उत्तर मला सुचत नव्हतं. म्हणून मी नुसताच चिडत असे.

उत्तर होतं माझ्या भाचीकडे. विदार्ती खालच्या शहरात मोटारदुरुस्ती शिकलेली. महिनाभर ती अंगणात बापाच्या व्हॅनसाठी ब्रेक तयार करत होती: भंगारात निघालेल्या मोठ्या पिकअपच्या जाड डिस्क, त्या बसवायला स्वतः कापलेली ब्रॅकेटं, आणि चाकावर वारा सोडायला बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा वाकवून केलेली नळकांडी. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं कधीच नसतात, तांदळाचे पापड असतात. ते सगळे उघड्यावर पडले म्हणून माझी बहीण फणफणत होती. विदार्तीच्या सरांनी एकेक सांधा तपासून होकार दिला होता. अडून बसला होता तो तिचा बाप, पाइमिन.

"एम्बाह सांगतात, नवं लोखंड त्याला खपत नाही. आणि हे बघ काय दिलंय त्यांनी!"

लाल दोरा होता तो. विदार्तीच्या लग्नाच्या दिवशी खाली शहरात काझी ताटकळणार, उदबत्ती विझायला वेळ कुणाला? म्हणून एम्बाहांनी नवा माल काढला होता: एक्स्प्रेस ताईत. पेडलला बांधा, थांबायला नको, मंत्र नको, डायरेक्ट खाली!

त्या व्हॅनमध्ये नवरी, तिची आजी आणि घरातली चिल्लीपिल्ली बसणार होती, आणि वळणाखाली दरी होती.

"त्या दोऱ्याच्या भरवशावर मी गाडीत पाय ठेवणार नाही, बाबा," विदार्ती म्हणाली. "नवऱ्याकडे निरोप धाडा, लग्नाला ब्रेक लागला म्हणून."

"मास्तर, सांगा हो तुमच्या भाचीला!"

"दाजी, मी तिच्याच बाजूचा आहे," मी म्हणालो. "पण वळणावर चला. सगळ्यांसमोर बघू."

पाइमिन कोबी भरून वरून उतरला आणि जेमतेम वळणावर थांबला. चाकांतून धूर येत होता. एम्बाहांनी ऐटीत ताईत बांधला.

"दाबा आता, बाबा," विदार्ती म्हणाली.

पाइमिनने दाबलं. पेडल तळाला टेकलं. त्याचा चेहरा उतरला.

"श्रद्धा कमी पडली," एम्बाह म्हणाले.

"मग तुम्हीच बसा की! तुमची तर पक्की आहे. बाबा नेतील खाली."

"मी? मला... गाडी लागते."

गर्दीत पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. विदार्तीने भज्यांच्या टपरीवरच्या कासियेमताईंचा तापलेला रिकामा तवा उचलून आणला आणि त्यावर पाणी शिंपडलं. चर्रर्र!

"अगंबाई, माझ्या तव्यात शिरला!" कासियेमताई ओरडल्या.

"शिरायला कोण आहे, मावशी? तापलंय ते. उतारभर ब्रेक दाबून ठेवला की चाक तापतं, ब्रेक ऑइलला उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, वाफ आकसते. म्हणून पेडल खाली. निवलं की वाफेचं पुन्हा ऑइल होतं. उदबत्ती विझेपर्यंत दुसरं काय होतं? आणि पहिल्या गियरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं."

ताईत सोडला. मंत्र नाही, उदबत्ती नाही. आम्ही सगळे टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी खात बसलो. तवा निवला, चाकही निवलं. पाणी टाकलं, दोन्ही गप्प. पाइमिनने पेडल दाबलं; घट्ट.

"माझी पोर मी या दोऱ्यावर टांगणार होतो, मास्तर," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात नव्या डिस्क चढल्या, ऑइल बदललं, रिकाम्या मैदानात गाडी धावून, थांबून झाली. लग्नाच्या सकाळी भरली व्हॅन खालच्या गियरमध्ये उतरत वळणावर आली, तर रस्त्याच्या मध्यभागी एम्बाह उभे! नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. गाडी जागच्या जागी थांबली.

"मलाही लग्नाला यायचंय," ते पुटपुटले आणि दार उघडून आत बसले. मग हळूच पाइमिनला विचारलं, "ब्रेक नीट बघून घेतलेत ना रे?"

भुताची चौकशी त्यांनी केली नाही, हे ध्यानात घ्या. डोंगरावर अजून पुष्कळ दोरे विकायला आहेत, आणि विकणारे आपल्या दोऱ्यावर कधी बसत नाहीत. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: पहिले तुम्ही बसा.