दिवसाढवळ्या राजधानी

आमची बेकरी आहे. रात्री भट्टीवर हे, दिवसा गल्ल्यावर मी. पहाटे पाव दुकानात आले की हे वर जाऊन आडवे होतात आणि मी गिऱ्हाइकांपुढे उभी राहते. संध्याकाळी मी जांभया देत वर जाते, तेव्हा हे अंघोळ करून खाली उतरत असतात. जिन्यात काय ती गाठ पडते. "मैदा संपलाय." "सुटे पैसे ठेवलेत." झाला आमचा संसार!

म्हणून भट्टीच्या विटा बदलायला आलेला गवंडी म्हणाला, "एक रात्र भट्टी गार ठेवावी लागेल," तेव्हा मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. "राजधानी बघायला जायचं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. दोघांनीच. आणि दिवसभर माझ्याशी बोलायचं." खरं सांगते, राजधानीचं मला काही पडलं नव्हतं. ती कुठे पळून जात होती? मला नवरा हवा होता, जागा, उजेडात, एक दिवस.

हे लगेच हो म्हणाले. आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हा माणूस दिवसा झोपतो!

निघायच्या आदल्या रात्री यांना झोप कसली येते. घरभर येरझाऱ्या घातल्या, सगळे डबे घासून पालथे घातले, शेवटी उगीचच कणीक मळून ठेवली. सकाळी गाडीत बसलो तेव्हा चेहरा कसा टवटवीत! मी खूश. गाडी हलली, खिडकीतून ऊन आत आलं आणि हे घोरायला लागले.

राजवाड्यात गाइडबाई सांगत होत्या, "इथे महाराज दरबार भरवायचे." मागून घर्रर्र. सगळे वळून बघतात तर हे खांबाला टेकून उभ्याउभ्या झोपलेले. मी कोपराने ढोसलं. दचकून म्हणाले, "काढू का पाव?" दरबारात हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी ठरवलं, यांना टेकूच द्यायचं नाही. घड्याळाचा मनोरा, तोफा, संसद, सगळं पळत पळत. काय बघितलं ते विचारू नका, मी फक्त यांच्या पापण्या बघत होते. संग्रहालयात तलवारींपाशी जरा रेंगाळले आणि मागे वळते तर हे गायब. पलीकडच्या दालनात गर्दी जमलेली. जाऊन बघते तर दोरीच्या पलीकडे, राणीसाहेबांच्या पलंगावर, हे! बूट खाली नीट जोडीने काढून ठेवलेले.

पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, हे तुमचे का?"

क्षणभर नाही म्हणावंसं वाटलं हो.

आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं. समोरच्या बागेत बाकावर बसलो, त्याबरोबर यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. तिथे मात्र मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत काय मागितलं होतं मी? एक दिवस! तोही घोरण्यात गेला. ढकलून द्यावं असं मनात आलं, पण खांदा काही हलवला नाही.

ऊन उतरलं, दिवे लागले. यांना फरफटत स्टेशनवर आणलं. फलाटावर डोळे चोळले आणि स्वारी ताडकन ताठ झाली. "अगं, केवढं हे स्टेशन! ती वरची कमान बघितलीस? भूक लागलीय का तुला? आणि डोळे का सुजलेत? रडलीस की काय?" तोंडाची टकळी थांबेना. मी आपली बघतच राहिले. तेवढ्यात गाडी लागली.

भट्टी पेटवायची वेळ झालेली, त्यामुळे सवयीने हे आधी डब्यात चढले. "चल, हात दे."

माझे पाय तुटत होते. घरी गेलं की मी वर आणि हे खाली, हे काय मला ठाऊक नव्हतं?

"उतरा," मी म्हटलं.

"आणि भट्टी?"

"राहू दे गार."

"अगं, उद्या लोक खातील काय?"

"एक दिवस त्यांचं ते बघतील. उतरा म्हणते ना!"

शिट्टी झाली. यांचा एक पाय डब्यात, एक पायरीवर. माझ्याकडे बघितलं, सुटणाऱ्या गाडीकडे बघितलं आणि टुणकन फलाटावर उतरले. मग हसायलाच लागले, मोठमोठ्याने, पोट धरून. आमच्याकडचे कामगार नेहमी सांगतात, मालक रात्रभर हसतात आणि हसवतात. मी ते हसणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.