आबांचं जाळीचं मशीन

माझ्या सासऱ्यांच्या हृदयात गेल्या दिवाळीपासून धातूची झडप आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी त्यांना रोज संध्याकाळी घ्यावी लागते. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, पडायचं नाही, कापायचं नाही, दात जोरात घासायचे नाहीत आणि ब्लेडनं दाढी करायची नाही. यातलं शेवटचं ऐकून आबांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं झडपेतच काहीतरी झालं.

आबा म्हणजे अभिमन पाटील. पिंपळनेरात त्यांचा दाढीबद्दल लौकिक आहे. शेतात जायचं असो की लग्नाला, सकाळी स्टीलचा मग, साबणाचा फेस आणि दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड लावायचा तो जुना रेझर. सासूबाई कमलबाई गेल्या त्या दिवसांतला सुतकाचा काळ सोडला, तर मी त्यांचे खुंट वाढलेले कधी पाहिले नाहीत.

मग भूषणनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विजेवर चालणारं मशीन आणलं. तीन गोल पात्यांचं नाही, जाळीचं. कशासाठी ते मला आणि आबांना समोर बसवून समजावलं. वरती पातळ पत्र्याची जाळी असते, तिला बारीक बारीक भोकं असतात. केस भोकातून आत जातो आणि जाळीमागे सरसर सरकणारं पातं तो छाटतं. म्हणजे गाल आणि पातं यांच्यामध्ये भिंत. ब्लेडला अशी भिंतच नसते, ते केसाबरोबर कातडीही थोडी खरवडतं. न्हाव्याच्या वस्तऱ्याचं तर विचारूच नका. मी शाळेत शिकवते, त्यामुळे पुढचं मीच सांगितलं: रोज करायची, कारण लांब केस भोकात शिरत नाही, गाल कोरडा हवा, दाबायचं नाही.

"हाई मशीन नुसता आवाज करस," आबा महिनाभर म्हणत राहिले. "गाल खरखरसच."

खरखर राहायचीच. ब्लेडसारखा गुळगुळीत गाल जाळीनं होत नाही, कारण जाळीच्या जाडीइतका केस मागे उरतो. आम्हाला गुळगुळीत गाल नको होता. आम्हाला आबा हवे होते.

त्या रविवारी भूषण चाळीसगावला त्याच्या बहिणीकडे गेला होता. मी ओट्यावर भाकरी थापत होते आणि मागच्या अंगणातून मशीनची गुणगुण येत होती. मध्येच ठक, ठक, ठक. मी बाहेर डोकावले तर आबा मशीनचं डोकं स्टीलच्या मगाच्या काठावर आपटत होते. रेझरमधला फेस झाडायला पन्नास वर्षं जसं आपटलं, तसं. मगात पाणीही नव्हतं. नुसती सवय!

"आबा! ती जाळी आहे, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ! आपटायची नसते, सोबत दिलेल्या ब्रशनं झाडायची."

"ठोकं नही ते केसं कशा निघतीन?" म्हणत त्यांनी मशीन परत जबड्याखाली लावलं.

मी आत वळले आणि गुणगुण थांबली. परत बाहेर आले, तेव्हा आबा टॉवेलचं टोक जबड्याखाली धरून बसले होते. टॉवेल पांढरा होता, आता नव्हता.

"काही नही व्हयनं. जराशी रंगत शे," ते म्हणाले. रंगत म्हणजे रक्त. आमच्याकडे रक्ताला असं सणासुदीचं नाव आहे, आणि त्या दिवशी मला त्याचाही राग आला.

मशीन उजेडात धरलं. जाळीच्या कडेला एक धागा तुटून वर आला होता. त्यावरून कापूस फिरवला तर कापसाचा तंतू अडकून राहिला. आपटून आपटून भिंतीलाच भगदाड पाडलं होतं. पण कापलेलं केवढं? तांदळाच्या कणीएवढं. एवढ्याशा जखमेचं रक्त कुणाचंही दोन मिनिटांत थांबतं.

दहा मिनिटं झाली, थांबलं नाही.

आमच्या घरात सून सासऱ्यांच्या समोर खाटेवर बसत नाही, मग तोंडाला हात लावणं लांबच. मी त्यांच्या शेजारी बसले, स्वच्छ फडक्याची घडी केली आणि दोन बोटांनी त्यांच्या जबड्याखाली दाबून धरली. आबांनी डोळे मिटले. लाजले असावेत. मी दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पंधरा मिनिटं उचलायचं नाही, असं झडप बसवली त्या धुळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलेलं होतं. पंधरा मिनिटांनी उचललं तर लगेच थेंब फुगला आणि गळ्यावरून ओघळला.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बाही वर सरकली होती आणि कोपराखाली दोन मोठे काळेनिळे डाग होते.

"हे कधी लागलं?"

"लागनं नही. आपोआप व्हयनं."

"तोंड उघडा." हिरड्यांच्या कडेला लाल रेघ होती. हे मशीनचं काम नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, लगेच घेऊन या, आणि वाटेत कुठं डोकं आपटू देऊ नका. डोक्यात रक्तस्राव झाला तर हातात काही उरणार नाही, असंही म्हणाला. हे त्यानं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. शेजारच्या हिलालभाऊंनी गाडी काढली. भूषणला कळवलं, तो चाळीसगावहून थेट धुळ्याला निघाला.

साक्रीपर्यंत रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढे मी मोजले, कारण प्रत्येक खड्ड्याला मी एका हातानं आबांचं डोकं धरत होते आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली तशीच होती. बोटं बधिर झाली. मनात सारखं एकच, आता बोलताना यांची जीभ अडखळली तर? म्हणून मी त्यांना बोलतं ठेवलं. केळीचं काय, पाण्याची पाळी कुणाची, काहीही. ते नीट उत्तरं देत होते, पण त्यांना झोप येत होती. ती झोप नुसती झोप आहे की आणखी काही, हे मला कोण सांगणार?

वाटेतलं नेर गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "आबा, गोळी रोज एकच घेता ना?"

ते म्हणाले, "दोन लेस."

"दोन? कधीपासून?"

"आठ-दहा दिन व्हयनात. लिधी का नही, याद ऱ्हात नही. मंग आखो एक लेस. चुकाले नको."

घेतली की नाही आठवेना, म्हणून आणखी एक. रोज! माझा आवाज चढायला लागला, तो मी गिळला. "मग मला विचारायचं होतं ना, आबा. मी तिथेच असते."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "इचारं व्हतं एक दिन. तू चिल्लायनी. गोई चुकनी ते जीव जाई, आसं बोलनी व्हती तू. माले भ्याव लागनं."

मला तो दिवस आठवला. शाळेतून आले होते, वह्यांचा गठ्ठा होता, कुकरची शिट्टी होत होती. त्यांनी दारात येऊन हळूच विचारलं होतं आणि मी वर न बघता ओरडले होते. चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज मी एका आजारी माणसावर काढला होता. मला स्वतःची लाज वाटली. हिलालभाऊ गाडी आणखी सांभाळून चालवू लागले.

दवाखान्यात रक्त तपासलं. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता, तो नऊच्या पुढे गेलेला. डोक्याचा फोटो काढला. तो येईपर्यंतचा पाऊण तास मी कसा काढला, ते मला सांगता येणार नाही. फोटो चांगला आला.

"नशीब समजा, दाढी करताना कापलं," डॉक्टर म्हणाले. "मशीन नीट चाललं असतं तर तुम्हाला पत्ताही लागला नसता, आणि एखाद्या सकाळी हे उठलेच नसते." मग आबांकडे वळले. "बाबा, दोन गोळ्या कशाला घ्यायच्या? घरी विचारायचं ना कुणाला तरी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "घर कोनी नव्हतं साहेब. सून शायामां ऱ्हास."

"संध्याकाळी शाळा?"

"हा. सांजलेबी ऱ्हास."

"मी घरीच होते, डॉक्टर," मी म्हणाले. "यांनी मला विचारलं होतं. मी ओरडले, म्हणून परत विचारलं नाही."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते कागदावर लिहायला लागले. गोळी बंद, दोन दिवस मुक्काम, रोज रक्ताची तपासणी.

भूषण आला, तो खाली औषधं आणायला गेला. जबड्याखालची पट्टी आता कोरडी होती. दिवे लागले तसे आबा अस्वस्थ झाले, उशीखाली काहीतरी चाचपायला लागले. मी विचारलं नाही, थांबले. ते छताकडे बघत, अगदी हळू म्हणाले,

"आज गोई लेवानी शे का?"

"नाही आबा. आज नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा मी देईन."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. मी परत तेच सांगितलं. रात्रीचं जेवण येईपर्यंत त्यांनी मला पाच वेळा विचारलं.